खजुराची ओटी

झाशीला जाऊन किल्ला न बघता परत आलेली बाई आमच्या आटपाडीत बहुधा मी एकटीच असेन. भेटेल तो विचारतो, "राणीचा किल्ला कसा आहे?" आणि मी सांगते, "लांबून चांगला दिसतो." मग बारा दिवस बघितलंस तरी काय, असं कुणी म्हटलं की माझी पंचाईत होते. काळ्याकुट्ट खिरीत रुतवलेले अकरा पांढरे तुकडे बघितले, असं सांगावं तर लोक माझ्याकडे काळजीनं बघतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलेल्या बाईकडून विज्ञानाची फार अपेक्षा ठेवू नये.

जाण्याचं कारण असं. माझा धाकटा भाऊ दत्ता फौजेत सुभेदार होता. शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबीना छावणीत झाली आणि निवृत्त झाल्यावर तो झाशीतच, नगरा भागात भाड्याचं घर घेऊन राहिला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही, भावजय सुनंदा एकटीच मागे राहिली. आता घरमालकाला अंगणात दुकानाचे गाळे काढायचे होते आणि अंगणात दत्तानं लावलेलं खजुराचं झाड होतं. कच्छच्या नेमणुकीवरून त्यानं ते हातभर असताना आणलं होतं. दिवाळी झाली की ते तोडणार होते. "आता तिथं कशाला राहतेस? कायमची गावी ये," असं मी फोनवर म्हटलं, तर म्हणाली, "वन्सं, झाड आल्याशिवाय मी येत नाही."

दहा वर्षांचं झाड काय पिशवीत घालून आणायचं? पण त्याच्या बुंध्याला एक शेवटचा फुटवा होता. तो घेऊन यायचा आणि सुनंदालाही, एवढं ठरवून मी मिरजेहून गाडीत बसले. आमचे हे म्हणाले, "दोन्ही आण. एकाला विसरून येऊ नकोस."

नगरा

मी पोचले ती पाडव्याची सकाळ. स्टेशनाचं नाव आता लांबलचक झालं आहे, रिक्षावाले मात्र झाशीच म्हणतात. सुनंदानं सांगितलं होतं, स्टेशनापासून घर जवळ आहे, कुणालाही विचारा. मी विचारलं. समोरून दहा-बाराजण येत होते. कमरेला कवड्यांचे पट्टे, हातात मोरपिसांचा भारा, पायांत घुंगरं. "भैया, नगरा किधर है?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागले. मी जरा मोठ्यानं विचारलं. तरी नाही. तिसऱ्या वेळी मी शाळेतला आवाज काढला, तेव्हा त्यातल्या एकानं मोरपीस उचलून आभाळाकडे दाखवलं. नगरा वर आहे की हे लोक मला थेट स्वर्गात पाठवताहेत, काही कळेना.

सुनंदाचे शेजारी तिवारीजी मला शोधत आले ते पोट धरून हसायलाच लागले. "मौनिया हैं दीदी, आज बोलहैं नईं." दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हे लोक मौनव्रत घेतात आणि गावोगाव नाचत फिरतात. आमच्याकडे पाडव्याला नवऱ्याला ओवाळतात, इथं गप्प बसतात. दोन्हींत तसा फार फरक नाही, असं मी म्हटलं, पण ते हिंदीत नीट जमलं नाही.

सुनंदा दारात उभी होती. वाळली होती. मिठी मारायच्या आधीच म्हणाली, "आधी झाड बघा." झाड खरोखर देखणं होतं. दोन पुरुष उंच, निळसर झावळ्या, आणि बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर वर, बुंध्याच्या कुशीत बसलेला तो फुटवा. खजुरात नर आणि मादी वेगळी असतात. हे मादी झाड. दत्ता दरवर्षी नदीकडच्या रानटी शिंदीवरून नराचा फुलोरा आणायचा, शिडी लावून त्याची पूड हिच्या फुलांवर टाकायचा आणि आषाढात पिवळे घोस उतरवायचा. निम्मे वाटायचा, निम्मे उकडून गच्चीवर खारका वाळवायचा. "जो पेड़ तो भैया के प्रान हते," तिवारीजी म्हणाले.

मी म्हटलं, "फुटवा काढू, ओल्या पोत्यात बांधू आणि गाडीनं नेऊ. त्यात काय?" सुनंदा म्हणाली, "ह्यांनी असे चार फुटवे काढून लावले. चारही वाळले. हा तर सगळ्यात लहान, ह्याला मूळसुद्धा फुटलेलं नाही." मग कळलं, तिनं आधीच शोध घेतला होता. शहराबाहेर एक प्रयोगशाळा आहे, तिथं खजुराची टिश्यूची रोपं करतात. टिश्यू म्हणजे मला माहीत होतं. आमच्याकडे डाळिंबाची, केळीची टिश्यूची रोपं काळ्या पिशवीतून येतात. म्हणजे हा फुटवा त्यांच्याकडे द्यायचा, ते त्याला सांभाळून मोठा करणार, अशी माझी समजूत झाली. सुनंदाचीही तीच होती. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार होती.

भाऊबीज

शनिवारी भाऊबीज. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, हे मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी तसंच केलं होतं. पण दत्ताच्याच अंगणात उभं राहून चंद्राची वाट बघणं मला जमेना. सकाळीच मी ताट केलं आणि झाडाला ओवाळलं. बुंध्याला कुंकू लावताना हात खरबरीत सालीवर ओरखडला आणि मी रडले. लहानपणी दत्ता गुडघे असेच फोडून यायचा.

दुपारी तिवारीजींनी सब्बल आणली, म्हणजे आपली पहार. बाजूची माती उकरली, सांध्यावर नेम धरून चार घाव घातले आणि फुटवा अलगद बाहेर आला. अडीच-तीन किलोचा असेल. सुनंदानं तो पदरात घेतला आणि आत आणला. जखमेला मी हळद लावली. इथवर सगळं बरं झालं होतं.

मग माझ्या डोक्यात आलं की मादी झाडाचं पोर, ह्या घरातून कायमचं चाललंय, ते रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं? मी सुनंदाला म्हटलं, तर तिनं हात मागे घेतले. "तुम्ही भरा, वन्सं. मी नको." मी सवाष्ण, मी भरली. फुटव्याच्या मधल्या पानांत जी पोकळी असते तिथं मूठभर तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, बाजारातली एक खारीक, आणि तोंड गोड म्हणून गुळाचा खडा. वरून तांब्यातलं पाणी सोडलं. सुनंदा म्हणाली, "सकाळी भाऊ म्हणून ओवाळलं, आता लेक म्हणून ओटी भरताय. हा आहे तरी कोण?" मोठ्या वस्तू मी काढून घेतल्या, तांदूळ आणि गूळ राहू दिला. मग वाळू नये म्हणून ओलं पोतं, आणि पोतं वाळू नये म्हणून वरून प्लॅस्टिक. इतकी काळजी मी माझ्या मुलांचीही घेतली नसेल.

प्रयोगशाळा

सोमवारी रिक्षातून गेलो. फुटवा सुनंदाच्या मांडीवर. तिथल्या मुख्य बाई डॉ. पुराणिक, चाळिशीच्या, पांढरा कोट, पायांत वेगळ्या चपला. आमचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाल्या, "या, बसा ना जी. माझी मराठी ऐकून हसायचं नाही. घरातच बोलतो, बाहेर कुणी मिळत नाही." त्यांचं घराणं मूळचं झाशीजवळच्या गुरसरायचं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. वाक्याचा निम्मा भाग हिंदीकडे वळायचा आणि मधेच आजीच्या तोंडचा एखादा शब्द यायचा. काचेच्या बाटल्यांना त्या 'बुधल्या' म्हणत. हा शब्द मी पन्नास वर्षांनी ऐकला.

त्यांनी प्लॅस्टिक सोडलं आणि खोलीत आंबूस वास सुटला. मधली पानं फाकवली. आत पांढऱ्या कापसासारखं काहीतरी पसरलं होतं आणि त्यात तांदूळ. चिमट्यानं त्यांनी एकेक दाणा काढून बशीत ठेवला. त्यांच्या हाताखालची मुलगी हिंदीत म्हणाली, "मॅडम, इसमें चावल कहाँ से आया?" डॉक्टर बाई तिच्याशी बोलल्याच नाहीत. आमच्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ओटी भरली होती का?"

मी म्हटलं, "मी भरली."

"गूळ पण?"

"गूळ पण."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, आणि त्यानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाल्या, "आमच्या आजीनं पण असंच केलं असतं. लेकिन आता जमिनीत लावला तर हा सडून जाईल. बुरशी आत उतरते आहे. मध्ये जो कोंब आहे, तिथवर गेली नसेल तर तो काढून घेते. पण ताई, एक समजून घ्या. कोंब काढला की हा फुटवा राहणार नाही."

"राहणार नाही म्हणजे?" सुनंदानं विचारलं.

म्हणजे तेच. एकेक पान सोलत जायचं, शेवटी बोटाच्या पेराएवढा कोंब उरतो, त्याचे तुकडे करून बुधल्यांत ठेवायचे. आम्ही ज्याला सांभाळायला आणला होता त्याला ते चिरणार होते. "नाहीतर बी लावू की! झाडाच्या खारका असतीलच," मी घाईघाईनं म्हटलं. बाईंनी मान हलवली. "बी म्हणजे लेकरू, मावशी. आईवर जाईल, न जाईल. त्यात निम्मे तर नर निघतात. हे लेकरू नाहीच. फुटवा म्हणजे तीच आई. बुधलीत उगवेल ती पण तीच."

म्हणजे ओटी भरायची ती लेक नव्हतीच. मग मी कुणाची पाठवणी केली होती? सुनंदानं मात्र एकच विचारलं, "ह्यांनी हात लावला होता तेच झाड?"

"तेच."

"करा मग."

काचेपलीकडून आम्ही बघत होतो. बाईंनी हातमोजे घातले, सुरी ज्योतीतून काढली आणि सोलायला लागल्या. कोबी सोलताना आपल्याला वाटतं आता गाभा येईल, आणि आणखी एक पान येतं, तसं किती वेळ चाललं. हिरवं संपून पिवळं, पिवळं संपून पांढरं. अख्खं पोर तोंडल्याएवढं झालं. ते औषधात धुतलं, पुन्हा सोललं, चिरलं. अकरा तुकडे, अकरा बुधल्या. आत तुकड्यांना खायला घातलेली खीर काळी होती. मी विचारलं, "ह्यात असतं काय?" तर म्हणाल्या, "क्षार, कोळसा, वाढीची औषधं, आणि साखर."

"साखर? मग माझ्या गुळानं काय घोडं मारलं होतं?"

ह्या वेळी त्या हसल्या. "साखर बुरशीला पण आवडते, मावशी. आम्ही आधी घर धुतो, मग जेवण वाढतो. तुम्ही न धुता पंगत बसवली."

बुधल्यांवर नाव घालायचं होतं. सुनंदा म्हणाली, "दत्ता." हाताखालची मुलगी म्हणाली, "पर ये तो मादा पेड़ है ना?" सुनंदा म्हणाली, "होने दो." मग बुधल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. बुरशी आलीच तर आठवड्यात दिसेल, तोवर थांबा, असं बाईंनी सांगितलं. आणि सगळं सुखरूप झालं तर? "तीन वर्षं धरा. हमी नाही."

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

बबीना

तो आठवडा कसा काढला ते विचारू नका. सकाळी सुनंदा गल्लीच्या तोंडाशी मिळणारी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी आणायची. सकाळी सकाळी जिलबी हा प्रकार मला आधी विचित्र वाटला, तिसऱ्या दिवशी मीच तिला उठवू लागले. बुधवारी घरमालकाची माणसं झाड तोडायला आली. सुनंदानं त्यांना चहा दिला, साखर किती विचारली, आणि आत जाऊन भांडी घासत बसली. स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "सुनंदा, माझ्यामुळे झालं. मला माफ कर." तिनं कढई माझ्यापुढे सरकवली. मी ती घासली.

त्याच दिवशी चार बुधल्यांत कापूस आल्याचा फोन आला.

गुरुवारी आम्ही बसनं बबीन्याला गेलो. सुनंदाला तिथल्या मराठी बायकांचा निरोप घ्यायचा होता. साताऱ्याच्या, नगरच्या, बीडच्या, सगळ्या फौजींच्या बायका. मुलांशी मराठीत बोलावं तर ती हिंदीत उत्तर देतात. पोहे झाले, गुजिया म्हणजे आपल्या करंज्या झाल्या, आणि निघताना हळदीकुंकवाचं ताट आलं. ताट माझ्याकडे वळायच्या आतच सुनंदा उठली आणि "पाणी आणते" म्हणून आत गेली. पाणी समोरच भरलेलं होतं. मी कुंकू लावून घेतलं आणि बसमध्ये घरापर्यंत ते कपाळावर मला टोचत राहिलं.

पुन्हा नगरा

सोमवारी दोघी प्रयोगशाळेत गेलो. आणखी चार बुधल्या गेल्या होत्या. अकरातल्या आठ, सगळ्या माझ्या ओटीनं. बाईंनी उरलेल्या तीन दाखवल्या. काळ्या खिरीत तीन तुकडे, नखाएवढे, ना वाढलेले ना मेलेले. मला त्यात काहीच दिसेना. सुनंदा मात्र देवाच्या गाभाऱ्यात वाकावं तशी वाकून बघत होती.

"ह्या गाडीतून नेता येतील का?" मी विचारलं.

"नाही मावशी. ह्यांना हलवायचं नाही. अंधार पाहिजे, ठरलेली हवा पाहिजे, दर महिन्या-दोन महिन्यांनी नवीन खीर पाहिजे."

परत येताना रिक्षात सुनंदा म्हणाली, "वन्सं, तिवारीजींची मागची खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलंय."

मी भडकले. तीन वर्षं? तीन तुकड्यांसाठी? बाई स्वतः म्हणते हमी नाही! परक्या गावात, एकटी? मी मिरजेपासून इथवर कशाला आले? सगळं बोलून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या कितीतरी नेमणुकांत मी वाट बघितली. तेव्हा तरी कुठं हमी होती?" मी मग रिक्षावाल्यावरच ओरडले, हळू चालव म्हणून.

निघायच्या दिवशी माझी पेटी दारात होती. मी माहेरवाशीण. दत्ता होता तेव्हा सुनंदा दर वेळी ओटी भरून पाठवायची. आता ती तिवारीणबाईंना हाक मारायला निघाली. "त्या भरतील, मी सांगितलंय."

मी तिचा हात धरला. "माझ्या माहेरी माझी ओटी शेजारीण भरणार? तू भर."

"वन्सं, नको. बरं नव्हे ते."

"सवाष्णीनं भरली त्याचं काय झालं ते बुधल्यांत बघितलंस ना? आठ गेल्या. आता तू भर."

तिनं हात सोडवून घेतला. मग आत जाऊन सूप घेऊन आली. मी पदर पसरला. तांदूळ, हळकुंड, सुपारी. निम्मे तांदूळ उंबऱ्यावरच सांडले. शेवटी तिनं एका जुन्या डब्यातून एक खारीक काढली. दत्तानं गच्चीवर वाळवलेल्या शेवटच्या घोसातली. ती माझ्या ओटीत ठेवून म्हणाली, "गूळ घालू का, वन्सं?"

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता दोघीही रडलो. तिवारीजी पेटी उचलून बाहेर थांबले होते, ते तसेच रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आटपाडी

घरी आल्यावर आमचे हे माझ्या मागे बघत म्हणाले, "दोन्ही विसरलीस?" मी पेटी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओटीतली खारीक देवघरात ठेवली. मग ह्यांनी ती उचलून पाहिली. "हिची बी लावून बघू?" मी म्हटलं, ती उकडलेली आहे, रुजायची नाही. आणि रुजली असती तरी ते वेगळंच झाड. इतकं तरी मी झाशीला शिकून आले.

काल सुनंदाचा फोन आला. तीनातली आणखी एक गेली. उरलेल्या दोन स्वच्छ आहेत, आणि एकीतला तुकडा जरा फुगल्यासारखा वाटतो, असं ती म्हणाली. मला वाटतं बाईंनी तसं काही म्हटलेलं नसणार, हिलाच दिसत असणार. मी विचारलं, "मग तू कधी येतेस?"

"तिघं मिळून येऊ, वन्सं."

फोन ठेवून मी ह्यांना सांगितलं, विहिरीजवळच्या तुकड्यात खड्डा घ्या. "आत्तापासून? तीन वर्षं आधी?" मी म्हटलं, घ्या. कुरकुर करत त्यांनी पहार उचलली आणि संध्याकाळपर्यंत तीन फुटांचा चौकोनी खड्डा घेतला. शेरडं पडू नयेत म्हणून त्यावर फळी टाकून ठेवली आहे.